सतरंजी धुवायची कशी आणि कुणी?



वैशाख पौर्णिमा जवळ येऊ लागली की आमच्याकडे दोन प्रकारच्या चौकश्या सुरू होतात. एक, खीरदानासाठी दूध किती लागेल. आणि दुसरी, विहारातील सतरंज्या व घरातले गालिचे धुवायचे कसे. दुधाचा हिशोब मागे एकदा या सदरात देऊन झाला आहे. यंदा दुसऱ्या चौकशीबद्दल लिहीत आहोत. विषय वरवर पाहता बायकांच्या कामाचा वाटतो, आणि म्हणूनच आमच्या काही कार्यकर्त्या मित्रांना तो साप्ताहिकात छापण्याजोगा वाटत नाही. त्यांनी हा मजकूर शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती आहे. शेवटचा भाग त्यांच्यासाठीच आहे.

आपल्या घरांत भुईवर काय अंथरले जाते, एवढ्यावरून आपल्या समाजाचा गेल्या तीन पिढ्यांचा इतिहास सांगता येईल. आजीच्या काळी सारवलेल्या जमिनीवर पोते नाही तर जुन्या लुगड्यांची वाकळ. पाहुणा आला तर बाज. घरात पगारदार माणूस झाला तेव्हा सतरंजी आली, ती पेटीत ठेवली जाई आणि वंदनेला किंवा सोयरिकीच्या बैठकीलाच बाहेर निघे. आता कळमेश्वरच्या एमआयडीसीत कामाला असणाऱ्यांच्या घरीसुद्धा सोफ्यापुढे चार बाय सहाचा केसाळ गालिचा दिसतो. त्यात वावगे काहीच नाही. मात्र सतरंजी हे काही आपल्याला परके वस्त्र नव्हते. नागपूर-वऱ्हाडात आपली कितीतरी घरे हातमागावर जाडेभरडे कापड विणून पोट भरत. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीच्या कापडापुढे आपले माग बसले आणि त्याच मागावरचे हात पुढे गिरणीत मजुरीला लागले. नागपुरात सतरंजीपुरा नावाची अख्खी वस्ती आजही आहे. गिरण्या मात्र बंद पडल्या.

अंथरायच्या कापडाची आणखी एक आठवण प्रत्येकाने आपल्या मुलांना सांगावी. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत ती लिहून ठेवली आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना इतर मुलांपासून वेगळे, गोणपाटाच्या तुकड्यावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसे. म्हणून शाळा सुटल्यावर ते गोणपाट बाबासाहेबांना घरी न्यावे लागे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावे लागे. एका लहान मुलाने रोज आपल्या बसण्याचे कापड काखेत मारून चालावे! विहारातल्या सतरंजीची घडी घालताना आम्हाला हे नेहमी आठवते. विषयाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाशी त्याचा संबंध आहे, तो पुढे येईल. आधी धुण्याचे बघू.

पहिली गोष्ट, गालिच्याचा खरा शत्रू डाग नव्हे, माती आहे. डाग दिसतो म्हणून आपण त्याच्या मागे लागतो. माती दिसत नाही. आपल्या भागात काळी कन्हारी जमीन, उन्हाळ्यात तिचा भुगा होतो आणि दारे-खिडक्या लावल्या तरी घरात शिरतो. या मातीचे कण बारीक काचेसारखे धारदार असतात. माणूस वरून चालला की ते धाग्याच्या बुडाशी जाऊन बसतात आणि प्रत्येक पावलागणिक धागा थोडाथोडा कातरतात. उंबऱ्याजवळ गालिचा लवकर विरतो याचे कारण हेच. त्यात माणसाच्या अंगावरून झडणारा कोंडा मिसळतो, आणि तो खाऊन जगणारे, डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे तेथे वाढतात. घरात कोणाला दमा असेल, सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागत असेल, तर आधी गालिच्याकडे बघावे. हे किडे दमट हवेत वाढतात आणि कोरड्या, तापलेल्या हवेत मरतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना जे महागड्या यंत्राने करावे लागते, ते आपल्याकडे वैशाखातले ऊन फुकट करून देते. नागपूरच्या उन्हाला आपण वर्षभर शिव्या देतो, निदान या एका कामासाठी त्याचे आभार मानावेत.

म्हणून पाण्याला हात लावण्यापूर्वी कोरडी सफाई पूर्ण झाली पाहिजे. माती तशीच ठेवून वर पाणी ओतले की तिचा चिखल होतो आणि तो चिखल बुडाशी जाऊन घट्ट बसतो. बहुतेक घरांत काम येथेच बिघडते. सतरंजी भक्कम दोरीवर किंवा दोन खांबांना आडव्या बांधलेल्या बांबूवर टाकावी आणि मोगरीने किंवा वेताने उलट्या बाजूने झोडपावी. उलट्या बाजूने का, तर माती सुलट बाजूने शिरलेली असते, तिला आल्या वाटेनेच बाहेर काढायचे असते. एका जागी दहा-बारा फटके, मग पुढे सरकावे. मारताना धूळ उडायची थांबली की समजावे, कोरडे काम झाले. व्हॅक्यूम क्लिनर असेल त्यांनी आधी उलट बाजू, मग सुलट बाजू, आणि सुलट बाजूला उभे-आडवे दोन्हीकडून सावकाश फिरवावे. घाईने फिरवलेले यंत्र फक्त वरचा कचरा घेते.

झोडपण्याची जागा कोणती असावी, याबद्दल आम्ही स्वतः काही सांगण्यापेक्षा अडीच हजार वर्षांपूर्वीचा दाखला देतो. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्खूंनी आपले राहण्याचे ठिकाण कसे राखावे याचे नियम आहेत. जमिनीवर अंथरायच्या कापडाला पालीत भुम्मत्थरण म्हणतात. ते कसे अंथरले होते हे आधी नीट लक्षात ठेवावे, मग बाहेर काढावे, उन्हात घालावे, स्वच्छ करावे, झटकावे आणि पुन्हा होते तसे अंथरावे, असा क्रमच तेथे दिलेला आहे. एवढेच नव्हे, झटकताना ते दुसऱ्या भिक्खूंच्या जवळ झटकू नये, राहत्या जागेजवळ झटकू नये, पिण्याच्या आणि वापरण्याच्या पाण्याजवळ झटकू नये, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहून झटकू नये, खालच्या अंगाला झटकावे, हेही सांगितले आहे. आपली धूळ दुसऱ्याच्या नाकात जाऊ नये याचा एवढा बारीक विचार! आमच्या वस्तीत अजूनही लोक गॅलरीतून खालच्याच्या वाळवणावर सतरंजी झटकतात आणि मग सकाळी आठ वाजता भांडण ऐकू येते. चिमूटभर माती हातातून सोडून वारा कुठून आहे ते पाहावे आणि मग दोरी बांधावी. तोंडाला ओला रुमाल बांधावा. दम्याच्या माणसाने आणि लहान मुलांनी धूळ बसेपर्यंत लांब राहावे.

आता पाणी. पण त्याही आधी वस्तू कशाची आहे ते ओळखा. दुकानदार काहीही सांगतो. कडेचा एक धागा उपटून चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सूत. केस जळल्याचा वास म्हणजे लोकर. वितळून त्याची कडक गोळी झाली तर प्लॅस्टिकच्या जातीचा कृत्रिम धागा. मागची बाजूही पाहा. तागाचे कापड चिकटवलेले असेल तर भरपूर पाणी घालू नका. ताग भिजून हळूहळू सुकला की त्याचा तपकिरी रंग वर चढतो आणि धुतलेला गालिचा न धुतलेल्यापेक्षा मळका दिसतो. मागे रबरासारखा थर असेल तर तोही वारंवार भिजून तुटतो आणि पिठासारखा झडू लागतो.

दुसरी परीक्षा रंगाची. पांढरे फडके साबणाच्या पाण्यात भिजवून गालिच्याच्या कोपऱ्यावर, प्रत्येक रंगावर, मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग आला तर घरी धुवू नका. नुसते झोडपून उन्हे दाखवा.

सुती सतरंजीचे काम सरळ आहे. सकाळी सहा-साडेसहाला सुरुवात करावी, म्हणजे दिवसभराचे ऊन मिळते. सिमेंटचे अंगण किंवा गच्ची आधी झाडून, धुऊन घ्यावी. (हे सांगावे लागते, कारण आम्ही शेणाने सारवलेल्या अंगणात सतरंजी धुताना पाहिलेली आहे.) पंधरा लिटरच्या बादलीला दोन चहाचे चमचे धुण्याची पावडर पुरे. आपल्या लोकांना फेस दिसल्याशिवाय कपडा धुतल्यासारखा वाटत नाही. पण जास्तीचा साबण धाग्यात राहतो, तो चिकट असतो आणि त्यावर नवी धूळ दुप्पट वेगाने बसते. धुतल्यावर पंधरा दिवसांत मळली अशी तक्रार येते, ती सतरंजीची नसते, उरलेल्या साबणाची असते. ब्रशने पट्ट्यांच्या दिशेने घासावे, आडवे नाही. मग स्वच्छ पाणी ओतून फळीने किंवा उलट्या झाडूने पाणी रेटत काढावे, आणि पाणी नितळ निघेपर्यंत हेच करावे. शेवटच्या बादलीत अर्धी वाटी सिरका, म्हणजे व्हिनेगर, टाकला तर साबणाचा क्षार मरतो. नसेल तर दोन लिंबांचा रस गाळून टाकावा. नळ एक दिवसाआड येत असेल तर आदल्या दिवशी टाके भरून ठेवा. साबण लावून झाल्यावर पाणी संपले, यासारखी फजिती नाही. आणि शेवटचे पाणी गटारात न सोडता अंगण धुण्याला वापरावे.

लोकरीचा गालिचा असेल तर सोडा, कडक पावडर आणि गरम पाणी तिन्ही वर्ज्य. गरम पाण्याने लोकर आकसते आणि क्षाराने मरते. ब्लीचिंग पावडर किंवा तसले पांढरे करणारे पाणी तर लोकर अक्षरशः विरघळवते. तिच्यासाठी रिठ्यासारखे दुसरे काही नाही. पंधरा-वीस रिठे फोडून, बिया काढून, गंजभर पाण्यात रात्री भिजत घालावेत, सकाळी उकळून, कुस्करून गाळून घ्यावेत. थंड झाल्यावर त्याचा फेस करून त्याने धुवावे. रिठ्याचे पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, फार झोंबते.

केसाळ कृत्रिम गालिचा, विशेषतः मागे चिकटवलेला थर असलेला, बुडवून धुवायचा नसतो. त्याला फेसानेच स्वच्छ करायचे. बादलीत थोडी पावडर घालून हाताने किंवा रवीने घुसळून भरपूर फेस काढा आणि खालचे पाणी सोडून फक्त फेस मऊ ब्रशने उचलून लावा. हातभर जागा घासून झाली की ओल्या फडक्याने पुसा, फडके वारंवार खळबळा, मग कोरड्या टॉवेलने दाबून ओल टिपा. मग पुढची हातभर जागा. वास येत असेल तर आदल्या रात्री खाण्याचा सोडा कोरडाच भुरभुरून ठेवावा आणि सकाळी झोडपून काढावा.

वाळवण्याचा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचीच सर्वांत हयगय होते. ओली वस्तू दिवसभरात वाळलीच पाहिजे. रात्रभर ओलसर राहिली तर बुरशी धरते, आणि तो कुबट वास पुढे कशानेही जात नाही. म्हणून मृगाचे ढग दिसू लागले की गालिचा धुण्याचे नाव काढू नये, पुढे दिवाळीनंतर पाहावे. वाळत घालताना उलटी बाजू वर ठेवावी, नाही तर आपले ऊन रंग खाऊन टाकते. जमिनीवर पसरण्यापेक्षा दोन बाजांवर टाकली तर खालूनही वारा लागतो. वरून कोरडी वाटली तरी मधल्या भागावर तळहात दाबून दहापर्यंत आकडे मोजा. तळवा गार लागला तर आत ओल आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने गालिचा शहरात धुवायला दिला, तो गुंडाळून प्लॅस्टिकमध्ये घरी आला आणि चार दिवसांनी सोडला तर आत हिरवी बुरशी. बाहेर देणाऱ्यांनीही घेताना उलगडून, तळवा लावूनच पैसे द्यावेत. धुलाईवाले चौरस फुटाचा दर सांगतात, तो ऐकायला लहान वाटतो. सहा बाय नऊचा गालिचा म्हणजे चोपन्न चौरस फूट. दर चोपन्नने गुणावा आणि मग ठरवावे. कित्येकदा तो आकडा गालिच्याच्या निम्म्या किमतीपर्यंत जातो.

डागांचे शास्त्र मोठे आहे, आपल्याकडे नेहमी पडणाऱ्यांपुरते सांगतो. कोणताही डाग आधी टिपायचा, घासायचा नाही, आणि बाहेरून आत टिपत यायचे, म्हणजे तो पसरत नाही.

विहारात सर्वांत जास्त डाग मेणाचे. मेणबत्ती जेथे लावतो तेथे खाली ताट ठेवले तर हा प्रश्न उरणारच नाही. पण पडलेच तर बर्फाचा तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यावर धरावा, मेण कडक होते, मग चमच्याच्या कडेने उचकटावे. उरलेल्या चिकट भागावर खाकी कागद ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवावी, मेण कागदात येते. कागद बदलत राहावा. कृत्रिम धाग्याला इस्त्री लावू नये, तो वितळू शकतो. दुसरा डाग खिरीचा. दूध, अंडे, रक्त या जातीच्या डागांना पहिले पाणी थंडच पाहिजे. गरम पाणी टाकले की त्यातला प्रथिनांचा भाग शिजून धाग्याला कायमचा चिकटतो. थंड पाण्याने धुवून मग साबण. तेला-तुपाच्या डागावर बेसन किंवा अंगाला लावायची पावडर दाबून अर्धा तास ठेवावी, तेल शोषले जाते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो एकदम लालभडक होतो आणि बायका घाबरतात. घाबरू नये. हळद क्षाराने लाल होते, लिंबू लावल्यावर परत पिवळी होते, आणि पिवळी झालेली हळद उन्हात उडून जाते. दोन-तीन दिवस ऊन द्यावे. पोरांच्या पेनच्या शाईला स्पिरिटचा बोळा.

खर्ऱ्याच्या डागाला उपाय आहे की नाही, असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. चुना, सुपारी, तंबाखू यांचा एकत्र रंग चढलेला तो डाग पूर्ण जात नाही, ताजा असताना थंड पाणी व मग लिंबू लावले तर फिका होतो एवढेच. खरा उपाय सतरंजीवर करायचा नसून सतरंजीवर बसणाऱ्यावर करायचा आहे. वंदनेला येताना खर्ऱ्याची पुडी चपलेबरोबर बाहेर ठेवायला काय हरकत आहे?

एक धोक्याची सूचना. डाग जात नाही म्हणून ब्लीचिंग पावडरीत सिरका किंवा संडास धुण्याचे ॲसिड मिसळण्याचा प्रयोग कोणी करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

दुसरी सूचना आपल्या समाजाच्या दृष्टीने आम्ही अधिक महत्त्वाची मानतो. विदर्भात आणि त्यातही आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. उन्हातले कष्ट, अंगातले पाणी कमी होणे, एकदम गार पाण्यात राबणे, यांतली प्रत्येक गोष्ट सिकलसेलच्या रुग्णाला वेदनेचा झटका आणू शकते, आणि सतरंजी धुण्यात तर तिन्ही एकदम येतात. घरात असा मुलगा-मुलगी असेल तर त्यांना या कामाला लावू नये, “एवढे दोन तास तर आहे” असे म्हणून नव्हेच. सावलीत बसून यादी करायचे, पाणी भरलेले ग्लास द्यायचे काम त्यांना द्यावे. गालिच्यात ठेवायच्या डांबर गोळ्यांबद्दलही सावध असावे. काही मुलांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची कमतरता असते. अशांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या वाफेनेही फुटू शकतात, तान्ह्या बाळाला अधिक धोका. ज्या घरात बाळ आहे तेथे लोकरीला कसर लागू नये म्हणून वाळलेला कडुनिंब वापरावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी गालिचा उलगडून ऊन दाखवावे. खरे म्हणजे कसरीला अंधार आणि निवांतपणा लागतो, उलथापालथ तिला सोसत नाही. आणि गुंडाळताना गुंडाळीच करावी, घडी नको, घडीवर धागा मोडतो.

नवा गालिचा घ्यायचा असेल तर एवढे लक्षात ठेवा. उत्तर प्रदेशातील भदोही-मिर्झापूरच्या पट्ट्यात हाताने गाठी मारून गालिचे विणतात आणि तेथे लहान मुलांना मागावर बसवण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालत आला. बारीक बोटे लागतात म्हणे! ती मुले कोणत्या जातींची आणि कोणत्या घरांची असतील हे आपल्याला वेगळे सांगायला नको. यावर आंदोलन झाले आणि १९९४ मध्ये ‘रगमार्क’ नावाची खूण सुरू झाली, बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्यांसाठी. तिचेच नाव पुढे २००९ पासून ‘गुडवीव्ह’ झाले. ही खूण बहुतांशी परदेशी जाणाऱ्या मालावर असते, आपल्या बाजारात सहसा दिसत नाही. पण दुकानदाराला विचारायला पैसे पडत नाहीत. आमचे वैयक्तिक मत असे की आपल्या हवेला आणि खिशाला सुती सतरंजीच बरी. धुता येते, वाळते, उचलता येते, आणि माणसे जास्त बसतात.

आता कार्यकर्त्या मित्रांकडे वळतो.

मागील वर्षी विहारातल्या मोठ्या सतरंज्या धुण्याचा विषय निघाला तेव्हा बैठकीत दोन सूचना आल्या. पहिली, “महिला मंडळ करून घेईल.” दुसरी, “नगर परिषदेच्या सफाईवाल्याला बोलावू, शंभर रुपये अन् चहा देऊ.” दोन्ही सूचना चांगल्या माणसांच्या होत्या. दोन्ही आम्हाला मान्य नव्हत्या, तसे आम्ही तेथेच सांगितले आणि येथेही कारणासह मांडतो.

दुसरी सूचना आधी घेऊ. सफाईवाल्याच का? गवंडी, सुतार, रिक्षावाला यांपैकी कोणाचे नाव का निघाले नाही? कारण घाण काढणे हे त्याच्या जातीचे काम, असे आपल्याही डोक्यात कुठेतरी बसलेले आहे. ज्या शाळेतल्या नोकराने बाबासाहेबांच्या गोणपाटाला हात लावला नाही, त्याच्या डोक्यातही काम आणि जात यांची अशीच सांगड होती, फक्त तो वरून पाहत होता. आपण मधल्या पायरीवर उभे राहून खाली तेच करणार का? मजुरीने काम करून घेण्यात अपमान नाही. कोणालाही सांगावे, पण दिवसाची पूर्ण मजुरी ठरवून, आणि काम झाल्यावर त्याच सतरंजीवर त्याला आपल्याबरोबर जेवायला बसवून. “शंभर रुपये अन् चहा” ही मजुरी नव्हे, बलुतेदारी आहे. गाडगेबाबांनी गावोगाव आधी स्वतः खराटा हाती घेऊन मग कीर्तन केले, त्यांचा फोटो आपल्या विहारातही लावलेला आहे.

पहिल्या सूचनेबद्दल जरा अधिक. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली, तेव्हा २० जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बाबासाहेबांनी त्या परिषदेत भगिनींना स्वच्छ राहायला शिका असे सांगितले, हे आपल्या सर्व वक्त्यांना पाठ आहे. दर जयंतीला आम्ही ते ऐकतो. पण त्याच भाषणात, काही वाक्यांनंतर, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्यापुढे ताठ उभे राहावे, त्याची मैत्रीण आणि बरोबरीची म्हणून राहावे, गुलाम होऊन नव्हे, हेही त्यांनी सांगितले. पहिले वाक्य माइकवर येते आणि दुसरे गळते, असे का व्हावे? मागील वर्षी आमच्या वस्तीतली एक बारावी झालेली मुलगी स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला जायची ती त्या दिवशी गेली नाही, कारण आई विहारात सतरंजी धूत होती आणि घरचा स्वयंपाक हिच्यावर पडला. तिचा भाऊ त्याच वेळी विहाराच्या ओट्यावर बसून पताकांचा रंग कोणता असावा यावर चर्चा करीत होता. भाऊ पदवीधर आहे.

शिवाय साधा हिशोब आहे. नऊ बाय बाराची जाड सुती सतरंजी कोरडी दहा किलोच्या आसपास धरा. पाणी प्याली की तीस किलोच्या वर जाते. तशा चार आहेत. म्हणजे सव्वाशे किलो ओले ओझे, तेही उचलून दोरीवर टाकायचे. हे काम साठीच्या घरातल्या, कंबर दुखणाऱ्या सहा बायकांकडे जाते आणि तरणीताठी मुले मंडप मोजतात! घरातही तेच. गालिचा घेताना नवरा बायकोबरोबर दुकानात जातो, रंग पसंत करतो, घासाघीस करतो. धुण्याच्या दिवशी त्याला नेमके बाहेरचे काम निघते.

यंदा समितीने ठराव करून वाटणी केली आहे. झोडपणे, पाणी आणणे, ओली सतरंजी उचलणे व वाळत घालणे पुरुषांकडे. घासणे दोघांकडे. डाग काढणे ज्याला जमेल त्याच्याकडे, त्यात एक निवृत्त रेल्वे कर्मचारी भलतेच तरबेज निघाले. चहा आणि नाश्ता तरुण मंडळाच्या मुलांनी करायचा, पोह्यांचे प्रमाण त्यांना लिहून दिले आहे. मुलींना त्या दिवशी वर्ग चुकवायचा नाही. नावांची यादी विहाराच्या फलकावर लावली आहे, पहिले नाव अध्यक्षांचे, दुसरे सचिवांचे. दोघांनीही अद्याप ते खोडलेले नाही.

पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी सकाळी सहाला सतरंज्या बाहेर निघतील. दोरी जाड सुताची लागेल, नायलॉनची ताणते. ज्यांच्या घरी मोगरी असेल त्यांनी नाव घालून घेऊन यावी, विहारात दोनच आहेत.